बूट काढून आग विझवायला

आग लागलेल्या घरात शिरण्याआधी मी दारात बूट काढून ठेवले. फायरमनचे बूट. ड्युटीवर असताना.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे आमच्या टीममध्ये ही गोष्ट इतक्या जणांनी सांगितली की शेवटी शेवटी तिच्यात मी उंबऱ्याला नमस्कारही करायला लागलो होतो. नमस्कार केला नव्हता. बाकी सगळं खरं आहे.

तिशी उलटल्यावर मी पीएचडी करायला इंग्लंडमध्ये, मेडनहेडच्या पलीकडच्या एका कॅम्पसवर आलो. गावापासून लांब, शेतांच्या मधोमध असलेलं ते कॅम्पस, म्हणून तिथे विद्यार्थ्यांचीच एक फायर टीम होती. मोठी आग असेल तर काउंटीचे बंब यायचे. पण ते येईपर्यंत माणसं बाहेर काढायची, बारीकसारीक आग विझवायची, हे काम ज्यांना मिसरूड नीट फुटलेलं नाही अशी पोरं आणि त्यांच्याच वयाच्या पोरी करायच्या. पहिल्याच आठवड्यात सेमिनार चालू असताना एका मुलाच्या कमरेचा पेजर वाजला. तो उठून चालता झाला. प्राध्यापकांनी वाक्यसुद्धा तोडलं नाही. सेमिनार संपता संपता तो परत आला, अंगाला धुराचा वास, आणि शेजारच्या मुलीला म्हणतो, "मधलं काही महत्त्वाचं होतं का?"

आमच्या घरी या पोरांच्या वयात मला गॅस बंद केलास का म्हणून दोनदा विचारायचे, आणि उठून एकदा स्वतः बघून यायचे. त्यामुळे हा प्रकार काय आहे ते मला बघायचंच होतं. मी नुसती चौकशी करायला गेलो आणि चौकशा करता करता भरती झालो.

चौकशीला तिथे तोटा नव्हता. गाडी नेहमी उलटी का लावतात? निघताना वळवण्यात वेळ जाऊ नये म्हणून. पेजर वाजल्यावर पळायचं का? पळायचं नाही, भरभर चालायचं, पळणारा पडतो. सगळ्यात मजा वाटली ती पँटींची. जाड पँट बुटांवर गुंडाळून ठेवलेली असायची. बुटांत पाय घालायचे आणि पँट वर ओढायची, काम झालं. भिंतीशी ओळीने उभ्या असलेल्या त्या पँटी पाहिल्या की वाटायचं, आतली माणसं आत्ताच विरघळून गेली. मी ही कला खोलीत आरशासमोर इतक्या वेळा घोटली की शेजारच्याने एकदा दारावर टकटक करून सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

आमची क्रू लीडर नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. जन्म इथलाच, स्लाऊचा, आईवडील साताऱ्याचे. ड्युटीवर ती इंग्लिश बोलायची. मराठीत बोलली की समजायचं, रागावली आहे. मला ती काका म्हणायची आणि अरेतुरे करायची, दोन्ही एकाच वाक्यात. मला टीममध्ये पक्कं करायचं की नाही, ते तिच्या हातात होतं. नवशिक्यांच्या हेल्मेटवर एक नारिंगी पट्टी असायची. "पुढचा कॉल नीट गेला की पट्टी काढू, काका," असं तिने सांगून ठेवलं होतं. ती पट्टी निघावी असं मला मनापासून वाटत होतं. पीएचडी झाली नसती तरी चाललं असतं.

तो कॉल आला रविवारी, भर दुपारी. कॅम्पसच्या मागच्या बाजूला कुटुंबवाल्यांचे फ्लॅट आहेत, तिथल्या एका स्वयंपाकघरात कढईतल्या तेलाने पेट घेतला होता. घरच्यांनी शेगडी बंद करून आम्हाला फोन केला होता. पोचलो तर फ्लॅटच्या दारात ही गर्दी, आणि बाहेर कुणी पडेना. दारासमोर चपलाबुटांचा ढीग, आणि पाहुणे वाकून वाकून आपापला जोड शोधतायत. लीडरने आवाज चढवून इंग्लिशमध्ये सांगितलं, शूज राहू देत, बाहेर व्हा. त्यांनी हात घालून मिळतील तेवढे शूज उचलले आणि मग बाहेर झाले.

आता आत जायचं होतं मला आणि माझ्या जोडीदाराला, म्हणजे भूगोल शिकणाऱ्या एका उंच इंग्रज मुलाला. नियम एकच: एकट्याने आत शिरायचं नाही. त्याच्या हातात आगीवर टाकायचं ब्लँकेट. दार सताड उघडं होतं. समोरच्या खोलीत बुद्धवंदना नुकतीच संपलेली दिसत होती. पांढऱ्या कापडावर मूर्ती, फुलं, आणि मेणबत्त्या अजून जळत होत्या. खाली चटया अंथरलेल्या. मी एकदा चटयांकडे पाहिलं, एकदा माझ्या बुटांच्या चिखलाकडे, आणि खाली बसलो.

"काय करतोयस?" जोडीदाराने विचारलं.

"एक मिनिट," मी म्हणालो.

उजवा बूट निघाला. डावा पँटीच्या आत अडकला. जोडीदार ब्लँकेट धरून स्वयंपाकघराकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय, पुन्हा तिकडे बघतोय. मी ओढतोय. आतून काहीतरी तडतडल्याचा आवाज आला. शेवटी बूट निघाला, आम्ही आत गेलो, त्याने कढईवर ब्लँकेट टाकलं आणि आग मेली. तोवर वरचा धुराचा पंखा वितळून वाकडा झाला होता. मी मोज्यांवर उभा राहून खिडकी उघडली. माझं शौर्य एवढंच.

परत दारात आलो तर बूट गायब. कुणीतरी भला माणूस उरलेल्या चपलांबरोबर तेही खाली घेऊन गेला होता. मी नुसत्या मोज्यांनी जिना उतरलो. हिरवळीवर चपला नीट जोडीने मांडलेल्या, मधोमध माझे बूट, आणि शेजारी खुर्चीवर त्या घरच्या आजी. नागपूरहून मुलाकडे आलेल्या.

"काय रे बाबू, हे तुझे हायेत?"

"हो, आजी."

"घालून नाही का गेला आत?"

मी उत्तर टाळून बूट घालायला घेतले. आता ते बूट मला एकाच पद्धतीने घालता यायचे, पँटीसकट. म्हणून मी पँट उतरवली. आत अर्धी चड्डी होती, पण हे लोकांना आधी माहीत नव्हतं. पाहुण्यांनी माना वळवल्या. आजींनी नाही वळवली.

आमच्याकडे पद्धत अशी, की कॉल संपला की तिथेच गाडीपाशी गोल उभं राहायचं आणि ज्याने त्याने आधी आपली चूक सांगायची. "पण" हा शब्द वापरायचा नाही. मी सांगितली. एकदा जीभ "पण"पर्यंत आली, ती गिळली. जोडीदार म्हणाला, त्याची चूक ही की त्याने मला ओढत नेलं नाही.

लीडर मराठीत सुरू झाली. "काका, तू बूट काढला, त्याचं मला काही नाही. माझी आजी पण काढली असती. पण तो तुझ्यासाठी थांबला ना. नसता थांबला, एकटा गेला असता आत, मग?"

मी जोडीदाराकडे पाहिलं. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं, तो माझ्याकडे बघून कसनुसं हसला.

"पट्टी राहणार," ती म्हणाली.

तेवढ्यात आजी आल्या. हातात आधी तळून झालेल्या भज्यांचं ताट. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पहिलं भजं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं, मग लीडरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "रागावू नको बाई त्याच्यावर. पोरगा संस्काराचा हाये." मी जरा ताठ उभा राहिलो. "पन याले आगीवर नको पाठवत जाऊ. जेवाले पाठवत जा."