अविधवा नवमीची दोन पानं

आमच्या वत्सलावहिनीवर कोणी काही लिहिणार नाही. तिने शाळा काढली नाही, सत्याग्रह केला नाही, वर्तमानपत्रात तिचं नाव आलं ते एकदाच, मृत्यूच्या चार ओळींत, आणि त्यातही वय चुकलं होतं. म्हणून मी लिहितो. मी तिचा धाकटा दीर, सगुण. कोरगावच्या शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवलं आणि घरातलं माणूस मात्र मला नीट वाचता आलं नाही.

वहिनी आरोंद्याची. तेरेखोलची नदी ओलांडून अठराव्या वर्षी आमच्या घरी आली, ते १९५८ साल. माझा थोरला भाऊ महादेव डिचोलीकडच्या खाणीवर ट्रक चालवायचा. चार वर्षांनी, भर पावसात, उतारावर ट्रक उलटला आणि तो गेला. मूलबाळ नव्हतं. वहिनीचा भाऊ न्यायला आला होता, पण माझी आई अंथरुणाला खिळलेली, माझं लग्न व्हायचं होतं, घरात बाई हवी होती. वहिनीला राहतेस का असं कोणी विचारलं नाही. ती राहिली. तिची खाट मागल्या दारी, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत गेली. ती खाट तिथे का गेली, कोणी नेली, हेही मला आठवत नाही. आठवत नाही याचीच आता लाज वाटते.

तशी ती रडकी नव्हती. गोव्याची राजभाषा कोणती, या वादात माझा मुलगा गौरेश कोंकणीच्या बाजूने, मी मराठीच्या. जेवताना आम्ही एकमेकांचं तोंड बघत नसू. वहिनी ताटं वाढता वाढता म्हणायची, "मोर्चात काय तां बोला. कढी व्हयी आसली की दोगांचीय भास एकच जाता." गौरेश हसायचा, मीही हसू दाबायचो. माझी मुलं तिनेच वाढवली, हे विनोदिनी, माझी बायको, आजही कबूल करते.

आमच्या घरी पितृपक्षातल्या अविधवा नवमीचं मोठं प्रस्थ. नवरा हयात असताना गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. आमची पणजी रुक्मिणी तशी गेली, असं आम्ही ऐकत आलो होतो. तिशीत तापाने गेली, कपाळावर कुंकू, हातात हिरवा चुडा, आणि पणजोबा शिवदास तिच्या मागे लहान मुलासारखे रडले. मळवट भरून निघालेली अशी पणजी घराण्यात असणं म्हणजे भाग्य. तिच्यासाठी पाट मांडायचा, हिरवं लुगडं, बांगड्या, खणानारळाची ओटी.

स्वयंपाक वहिनीचा. वडे, भाज्यांचं खतखतं, चण्याच्या डाळीचं गोड मणगणं, सगळं पहाटेपासून एकटीने. पान वाढायची वेळ झाली की हात पुसून ती मागल्या दारी जायची. विधवेने समोर असू नये, अशी पद्धत. सवाष्ण जेवून उठली, पाट उचलला, की ती भांडी घासायला पुढे यायची. मी शिक्षक, सुधारणेवर वर्गात व्याख्यानं झोडणारा. त्या दिवशी मी वाफाळलेले वडे खायचो आणि दुपारी झोपायचो.

निवृत्त झालो आणि पुढच्याच वर्षी, १९८७ साली, गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. हाती वेळ होता, घराण्याची वंशावळ लिहायला घेतली. वहिनीला कोण आनंद. जनेलाशी, खिडकीच्या उजेडात, तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "भावजी, त्या रुक्मिणीचा म्हायार खयचा तां सोदून काडा. इतकी भाग्याची बाई, पण तिच्या म्हायारची कोणाक आठवण नाय." नंतर रोज विचारायची, गावलं काय?

देवळातली मोडी कागदपत्रं चाळून झाली. शेवटी पेडण्याच्या गोकुळदासांना गाठलं. त्यांनी पोर्तुगीज अमलात नोटरीकडे लेखनिकी केली होती. आमच्याच घरातल्या एका पेटीत तळाशी एक पोर्तुगीज वाटणीपत्र सापडलं होतं, ते मी त्यांच्यापुढे ठेवलं. साल १८८९. त्यांनी चष्मा पुसला आणि बोट ठेवून सावकाश वाचायला सुरुवात केली. एका शब्दावर बोट थांबलं.

"व्हियुवा," ते म्हणाले. "म्हणजे विधवा. रुक्मिणी, एकतीस वर्षांपूर्वी मयत झालेल्या शिवदासाची विधवा."

मी म्हटलं, दुसरी कोणी असेल. पण दोन्ही मुलांची नावं आमच्याच आजोबांची आणि चुलत आजोबांची. पुढे लिहिलं होतं की मुलांनी आईला वर्षाला दोन लुगडी आणि पोटापुरतं भात द्यावं, आणि तिने मरेपर्यंत गोठ्यालगतच्या खोलीत राहावं. खाली तिचा अंगठा.

ती खोली मला दाखवायला कोणी नको होतं. तिथे वहिनीची खाट होती.

विधवा पणजीची गोष्ट कोण कौतुकाने सांगणार? ती आधीच गेली असं म्हणणं सोयीचं. कोणीतरी एकदा म्हणालं असेल, आणि मग आम्ही पिढ्यान् पिढ्या तिला हिरव्या बांगड्या भरत बसलो. माहेराचा उल्लेख त्या कागदात कुठेच नव्हता.

मला संताप आला, आणि संताप आला की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. नवमीच्या सकाळी स्वयंपाकघरातच मी विनोदिनी आणि वहिनीला सगळं सांगितलं. वर जाहीर करून टाकलं, "यंदापासून सवाष्ण नको. पाटावर वत्सलावहिनी बसेल."

विनोदिनी म्हणाली, "आणि सवाशिणीला बोलावणं गेलंय, तिला काय सांगू?"

वहिनीच्या हातात वड्याचं पीठ होतं. तिने ते परातीत काढून ठेवलं. मग म्हणाली, "तिकाय थंयच ठेवल्यानी?"

"हो, त्याच खोलीत."

"पंचवीस वर्सां मी रांदतंय. माका वाटायचा, एक तरी बाई ह्या घरातसून सुखान गेली. तेवडाच बरा वाटायचा."

मी तेही तिच्याकडून काढून घेतलं, हे मला तेव्हा कळलं. घाईघाईने मी म्हटलं, "म्हणून तर म्हणतो, आज तुम्ही बसा."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. राग असता तर बरं झालं असतं.

"भावजी, मी ह्याच घरात होतंय. तुमच्या म्होऱ्यात. माका पाटार बसवूक शंभर वर्सांचो कागद व्हयो झालो?"

ती बसली नाही. सवाष्ण आली, ओटी भरली, सगळं दरवर्षीसारखं झालं. दुपारी मी मागल्या दारी गेलो. गोठ्यालगतच्या खोलीत जमिनीवर केळीची दोन पानं मांडलेली होती. एका पानावर सगळं वाढलेलं, पुढे कोणी नाही. दुसऱ्यापुढे वहिनी बसून जेवत होती. मी उंबऱ्यापाशी उभा राहिलो. "काय व्हया?" तिने विचारलं. परत फिरलो.

त्यानंतर सात नवम्या ती अशीच जेवली. त्या खोलीतून तिची खाट माजघरात आणा, असं मी दोनदा म्हटलं. ती म्हणाली, आता सवय झाली. मी तिसऱ्यांदा म्हटलं नाही. गेल्या मार्गशीर्षात ती गेली, त्याच खाटेवर, छातीत कफ दाटून.

यंदा नवमी आली. अविधवा नवमी वहिनीची नव्हे, हे मला कळतं. विनोदिनीने वडे तळले आणि मला विचारलं, मागच्या खोलीत काय करायचं. मी परड्यात जाऊन केळीची दोन पानं कापून आणली, पुसली, रुक्मिणीचं मांडलं, शेजारी वहिनीचं मांडलं आणि वाढायला बसलो. तिला मणगणं आवडायचं की खतखतं, मला ठाऊक नव्हतं. तिच्यापुढे पान मांडण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.