नाखव्यांची अळणी गाडी

बॉनेटवरून एक बोट फिरवायचं, ते जिभेच्या टोकाला लावायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "अजून अलनी हाय."

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला चहा हातातच राहिला. म्हातारा गाडी चाखतोय! कोरी करकरीत, गडद निळी गाडी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही, आणि हा माणूस आमटीत मीठ पडलंय का बघावं तशी तिची चव घेतोय. माझं तोंड फटकळ, हे सगळी सोसायटी सांगेल. मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून ओरडले, "काय हो नाखवा, मीठ कमी पडलं काय?"

त्यांनी वर बघितलं. रागावले नाहीत. "कमी नाय गो बाय. हायच नाय."

आमच्या घाटकोपरच्या इमारतीत त्यांना लहानथोर सगळे नाखवाच म्हणत. नाखवा म्हणजे होडीचा मालक, होडी हाकणारा. होडी तर त्यांनी केव्हाच विकली होती. सगळा जन्म माहुलच्या कोळीवाड्यात गेला. बायको तिथेच गेली. मग गुडघे कुरकुरायला लागले तसा मुलगा रूपेश त्यांना इकडे घेऊन आला. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, फ्लॅटमध्ये येतात पण राहायला येत नाहीत. सोफ्याच्या कडेला बसतात, जरा वेळाने निघायचं असल्यासारखी. नाखवा लिफ्टमध्ये शिरताना आधी एक पाय टाकून दाबून बघायचे, हलतेय का. नाही हलली की त्यांचा चेहरा पडायचा.

पाडव्याला रूपेशने गाडी आणली आणि म्हातारा जागा झाला. हार घातला, नारळ फुटला, पेढे वाटून झाले. रूपेश बूट घालून आत बसायला निघाला तर नाखव्यांनी त्याचा दंड धरला. त्यांच्या बोलीत होडीची होरी होते, 'काढ'चं 'कार'. "पायतान कार. होरीवर कोन पायतान घालून चरतो?"

"बाबा, ही गाडी आहे."

"मी पन तेच सांगतंय."

तेव्हापासून त्या गाडीत चप्पल घालून कोणी बसलं नाही. एकदा रूपेशच्या ऑफिसातले बडे साहेब आले होते, तेसुद्धा बूट मांडीवर घेऊन बसलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत. मोजे फाटके होते बिचाऱ्यांचे.

पण नाखव्यांच्या मनातलं खरं काम वेगळंच होतं. त्यांच्यात नवी होडी आधी दर्याला दाखवतात. दर्याने तिला बघितलं, तिच्या अंगाला पाणी लागलं की मग ती आपली. तोवर ती नुसतं लाकूड. म्हणून गाडी माहुलच्या बंदरावर न्यायची, आणि तीही नारळी पुनवेला, नारळासकट. रूपेशने ऐकूनच कानावर हात ठेवले. "बाबा, तिकडची हवा खारी. वरून तेल कंपन्यांची काजळी. नव्या पेंटची वाट लागेल यार!"

नाखव्यांनी गाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "रंग मी राखला तर नेशील?"

"हो रे बाबा, नेईन," रूपेश म्हणाला. मोबाइलमध्ये बघत म्हणाला, हे मला वरून दिसलं. नाखव्यांना दिसलं नसावं. किंवा दिसलंही असेल. त्यांनी शब्द तेवढा उचलला आणि कामाला लागले.

पहिल्या खेपेला त्यांनी जो घोळ घातला तो फक्त नाखवाच घालू जाणे. माहुलहून येताना त्यांनी एक डबा आणला होता, पलंगाखाली ठेवलेला. त्यात मुशीचं तेल. मुशी मासळीच्या काळजाचं हे तेल लाकडी होडीला चोपडत, म्हणजे खारं पाणी आत मुरत नाही. रूपेश गाडी न नेता कामावर गेलेला बघून नाखव्यांनी दुपारी सगळी गाडी त्या तेलाने माखली. टपापासून दारांपर्यंत, अगदी बाळाला न्हायला बसवावं तशी.

घाटकोपरात एवढी मांजरं आहेत हे मला त्या संध्याकाळी कळलं! टपावर मांजरं, बॉनेटवर मांजरं, आरशाला लोंबकळणारी मांजरं. सगळ्यांच्या जिभा चालू. एक बोका तर काचेवर पाठ टेकून असा पसरला होता की गाडी त्याच्याच नावावर असावी. तिसऱ्या मजल्यावरच्या बेन नाकाला पदर लावून गेल्या त्या आठवडाभर तशाच जात-येत होत्या. रूपेश आला, बघितलं आणि डोकं धरून खालीच बसला.

"बाबा, काय केलंस तू! सगळीकडे ओरखडे! आता हात लावायचा नाही गाडीला. अजिबात!"

नाखव्यांनी मांजरं हाकलली, डबा उचलला आणि जिन्याने वर निघाले, लिफ्ट समोर उभी असताना. माझ्या दाराशी थांबले. म्हणाले, "मना वाटला, खारं लागनार नाय." त्यांच्या हातांना त्या तेलाचा असा काही भपकारा होता की माझे डोळे चुरचुरले. डोळ्यांत पाणी आलं ते तेवढ्यानेच आलं असं मात्र मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मावशी, कुठल्या गाडीला पाहिजे?" म्हटलं, "होडीला. तुम्ही द्या हो." त्याने गाडीचं मेण दिलं, चपट्या गोल डब्यातलं, आणि मऊ फडकी दिली. कसं लावायचं तेही सांगितलं. गाडी सावलीत घ्यायची. आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यायची, कारण कोरडं पुसलं की धुळीतली रेती रंगावर ओरखडे पाडते. मग गाडीच्या शांपूने वरून खाली धुवायचं, टिपून कोरडं करायचं, आणि मेण अगदी पातळ लावायचं. ते धुरकट झालं की दुसऱ्या फडक्याने पुसून काढायचं. मी हे सगळं नाखव्यांना सांगितलं आणि रूपेशला माझ्या पद्धतीने दोन शब्द सुनावले. तो म्हणाला, "काकू, तुमच्या जबाबदारीवर हं." म्हटलं, "माझ्याच."

आणि मग त्या सकाळी सुरू झाल्या. अजून डोळ्यांपुढे येतात. आमचं पार्किंग गॅलरीसमोर उघड्यावर, वर गुलमोहोराची सावली. नाखवा धुऊन पुसून घेत, बोटाच्या टोकावर इवलंसं मेण घेत आणि फडकं फिरवायला लागत. घाई नाही, थांबणं नाही. तोंडाने काहीतरी गुणगुणणं, त्याला शब्द नव्हते. निळा रंग आधी धुरकट व्हायचा, पहाटे खाडीवर धुकं असतं तसा. मग ते धुकं पुसत पुसत जायचे आणि खालून हळूहळू आकाश निघायचं, झाडाची पानं निघायची, एखादा ढग बॉनेटच्या या टोकाकडून त्या टोकाकडे सरकत जायचा. माझा चहा निवून जायचा. मला ऑफिस नाही, कोणाचा डबा नाही, पण एरवी मी गॅलरीत इतका वेळ उभी राहणारी बाई नव्हे.

"बाय, ये बग," ते मला खाली बोलवायचे. "तल दिसतंय का?"

मी वाकून बघायचे. गाडीला कुठला आलाय तळ! पण खरं सांगते, त्या निळ्यात खूप वेळ बघितलं की खाली काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. मी म्हणायचे, "दिसतोय थोडासा."

मग ते तांब्यातून थोडं पाणी टाकायचे. पाण्याचे टपोरे मणी व्हायचे आणि रंगाला न चिकटता घरंगळून जायचे. नाखवा बोट फिरवायचे, जिभेला लावायचे. "अलनी," ते म्हणायचे, पण त्यात आनंद किती आणि खंत किती ते मला कधी सांगता आलं नाही.

एका सकाळी फडकं हातात तसंच धरून ते बॉनेटमध्ये बघत उभे होते. मी विचारलं, "काय दिसतंय एवढं?"

"रूपेशची आयस," ते म्हणाले. "होरी परत येवाची तवा ती बंदरावर उभी असाची, टोपली घेवन. लांबून हिरवा लुगरा दिसाचा. मानसा दिसाची नाय, पन लुगरा दिसाचा. मंग आमी समजाचो, पोचलो." मग म्हणाले, "तिना गारी बगितली नाय."

मी फटकळ बाई. पण त्या दिवशी मी फडक्याचं दुसरं टोक धरलं आणि त्यांच्याबरोबर पुसू लागले.

श्रावण आला. गाडी अशी चकाकत होती की सोसायटीतल्या मुली तिच्यात बघून केस नीट करत. रूपेश स्वतः म्हणाला, "मानलं बाबा, झकास." पुनवेला सकाळी एका साहेबांना विमानतळावर सोडतो आणि आल्याबरोबर निघू, असं ठरलं.

नारळी पुनवेच्या सकाळी नाखवा खाली आले ते मी ओळखलेच नाहीत. रोजची लुंगी नाही. कमरेला कोळ्यांचा चौकटीचा रुमाल, वर पांढरा सदरा, डोक्यावर लाल टोपी. हातात सोनेरी कागद लावलेला नारळ. गाडी गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत खुर्ची टाकून ते बसले. ताठ बसले. सोफ्यावर कधी बसले नाहीत तसे.

दुपार झाली. रूपेशचा फोन आला, साहेबांचं विमान लांबलंय, त्यांना जेवायला न्यावं लागतंय. पुन्हा फोन आला, हायवेवर गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्यात. मी खाली जाऊन म्हटलं, "नाखवा, उठा. रिक्षा करते. मी येते तुमच्याबरोबर."

त्यांनी मान हलवली. "मी जावन काय करू? दर्यानं मना बगितला हाय. गारी बगितली नाय."

गाडी दिवेलागणीला आली. बंदरावरची मिरवणूक तोवर कधीच आटोपली असणार. रूपेश उतरला आणि बापाच्या टोपीकडे बघून जागीच थिजला. मी तोंड उघडणार होते. काय काय बोलणार होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण नाखवा उठले, गाडीभोवती एक फेरी मारली, दिवसभराची धूळ बघितली आणि पाण्याची बादली उचलली.

"पोरा, दमला असशील," ते मुलाला म्हणाले. "जा, जेव. दर्या काय पलून जात नाय." मग डिकी उघडली आणि नारळ आत ठेवला, पुढच्या नारळी पुनवेसाठी.

पुढची नारळी पुनव त्यांना मिळाली नाही. थंडीत छाती भरली, इस्पितळात नेलं आणि तिथून ते परत आलेच नाहीत. इतकं साधं झालं ते. रूपेशने गाडीवर राखाडी कव्हर घातलं. ऑफिसला ट्रेनने जायला लागला. पार्किंगमध्ये ते राखाडी ढेकूळ बघितलं की मी गॅलरीचं दार लावून घ्यायचे. सकाळचा चहा मी स्वयंपाकघरात प्यायला लागले.

यंदाच्या नारळी पुनवेला सकाळी बेल वाजली. दारात रूपेश, अनवाणी. "काकू, चला," एवढंच म्हणाला. मी चपला घरातच ठेवल्या आणि जिना उतरले.

गाडी माहुलच्या वाटेला लागली. मागून काहीतरी खुळखुळत होतं. डिकीतला नारळ. वर्षभरात त्यातलं पाणी आटलं होतं, खोबरं सुटून आत फिरत होतं. मी म्हटलं, दुसरा घेऊ या का? रूपेश म्हणाला, "नको काकू. त्यांनी ठेवलाय."

माहुलच्या बंदरावर भरती होती. होड्यांना पताका, बायकांच्या अंगावर ठेवणीतली लुगडी, गाणी, गर्दी. रूपेशने चिखल सुरू होतो तिथपर्यंत गाडी नेली. नारळ पाण्यात सोडला. मग खिशातून मेणाचा तो चपटा डबा काढला, रिकामा, तो भरून दर्याचं पाणी आणलं आणि बॉनेटवर ओतलं. मणी झाले नाहीत. म्हाताऱ्याचं मेण केव्हाच उतरलं होतं. पाणी सगळीकडे पसरलं आणि आकाश त्यात वाकडंतिकडं हललं. लांब धक्क्यावर एक बाई टोपली घेऊन उभी होती. तोंड दिसत नव्हतं. लुगडं हिरवं होतं. अशी लुगडी त्या दिवशी तिथे कितीतरी असणार, मला कळत होतं. तरी मी रूपेशचा हात धरला, आणि त्यानेही तिकडेच बघितलं.

घरी येईपर्यंत पाणी वाळलं होतं. निळ्या रंगावर मिठाचे पांढरे डाग, ओघळ, ठिपके. वॉचमन बघूनच हळहळला, बादली घेऊन धावत आला. "साहेब, लगेच धुऊन टाकतो. रंग खराब होईल."

रूपेशने त्याला हाताने थांबवलं. बॉनेटवरून एक बोट फिरवलं आणि जिभेच्या टोकाला लावलं. डोळे मिटले.

"राहू दे," तो म्हणाला. "खारी झाली."