न फोडलेला नारळ

"आधी आई कुठंय ते सांगा."

सर कोणाच्याही दारात गेले की पहिलं वाक्य हेच. चपला बाहेर काढायच्या, खांद्यावरची पिशवी पोटाशी धरायची, ओटीवर बसलेल्या बापाला नाहीतर चुलत्याला नमस्कार करायचा आणि मान आतल्या दाराकडे वळवायची. बाप म्हणायचा, "मी हाय ना, बोला." सर म्हणायचे, "तुमचं सगळं ऐकतो, भाऊ. पण आधी आई कुठंय?"

सर म्हणजे आमच्या रोह्यातल्या एका लहानशा कॉलेजचे खेळाचे शिक्षक. मुलींची कबड्डीची टीम त्यांनी उभी केली. त्यांचं नाव लिहीत नाही. सगळे सरच म्हणायचे, मीपण. मी रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावचा. शाळा सहावीत सुटली, टेम्पो चालवून जन्म गेला. मॅचला टीम न्यायची तर माझाच टेम्पो. लिहायची सवय नाही. बायको गेली, घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहितो. चुकलं तर चालवून घ्या.

त्या पिशवीत नारळ असायचा. आमच्याकडे मुलगी टीमला मागायची तर अशी रीत पडली होती. नारळ घरच्या देवापुढे ठेवायचा. आईने तो फोडला की शब्द पक्का. मग दुसऱ्या टीमचा माणूस त्या दारात जायचा नाही. फोडला नाही, नुसता देवापाशी राहिला, तर घरात अजून विचार चालू आहे असं समजायचं. सही नाही, शिक्का नाही.

नारळ आमच्या घरचा. मागे दोन माड आहेत. सर यायचे, पडवीत टेकायचे आणि म्हणायचे, "वहिनी, एक द्या." आमची ही ढिगातून एकेक उचलायची, कानाशी धरून हलवायची, नखाने टिचकी मारायची. "हा मुका हाय. हापण मुका. हा बघा, हा बोलतो. हा घेऊन जावा." मी एकदा म्हटलं, "सगळे सारखेच असतात." तर म्हणाली, "तुम्ही टेम्पोचा आवाज ऐका."

सर पोरी कशा शोधायचे ते बघण्यासारखं होतं. मैदानावर बघायचे तसे रस्त्यावरपण बघायचे. एकदा खांब गावाच्या अलीकडे टेम्पोत माझ्या बाजूला बसले होते. अचानक ओरडले, "थांबव रे, थांबव!" मला वाटलं कोणी चाकाखाली आलं. बघतो तर बांधावरून एक रेडकू उधळलेलं आणि मागे एक पोरगी. पोरीने झेप घेतली आणि रेडकाचा मागचा पाय घोट्यात धरला. फरपटत गेली, पण सुटू दिला नाही.

"बघितलीस?" सर म्हणाले. "अशी पकड शिकवून येत नाय."

"सर, ते रेडकू हाय."

"म्हणून तर. माणूस त्याच्यापेक्षा हलकं."

पोरगी सुरेखा. भातशेतीवाल्या घरची. आम्ही दारात गेलो. बाप ओटीवर तंबाखू मळत होता. म्हणाला, "पोरगी हाफपँट घालून लोकांपुढं नाचणार? नाय जमणार." सर त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत. आई बाहेर आली तेव्हा तिला विचारलं, "मावशी, लावणीला चिखलात उतरता तेव्हा लुगडं कुठवर खोचता?"

आई हसली. "गुडघ्याच्या वर. नायतर भिजेल ना."

"मग हेपण चिखलातलंच काम हाय. आणि प्रत्येक मॅचनंतर हा टेम्पो तिला तुमच्या दारात आणून सोडील. मी स्वतः सोबत असेन."

बापाची तंबाखू हातातच राहिली. आईने नारळ घेतला.

पण तिने तो फोडायच्या आत भानगड झाली. पेणला सरांच्याच तोडीचा एक कोच होता. उंच, काळा, आवाज भोंग्यासारखा. आम्ही त्याला पेणवाला म्हणायचो. दोघांचं हाडवैर. सरांनी पोरगी हेरली की ह्याला वास लागायचा. सुरेखाचा मामा पेणजवळ जिते गावात राहायचा. पेणवाल्याने खांबला न येता मामाच्या हातात नारळ दिला आणि मामाने तो तिथल्या तिथे फोडला. एका पोरीवर दोन नारळ. असं कधी झालं नव्हतं.

दोन्ही कोच सुरेखाच्या अंगणात समोरासमोर उभे राहिले. पेणवाला म्हणाला, "आमचा नारळ आधी फुटलाय. रीत म्हणजे रीत."

सुरेखाची आई सूप ठेवून उठली. "पोरगी मी जन्माला घातली. खोबरं मामाने खाल्लं, तर मामालाच न्या कबड्डीला."

सगळं अंगण हसलं. पेणवाल्याचा चेहरा उतरला. मामाकडे वळून म्हणाला, "निदान माझा नारळ तरी परत द्या." मामा खाली बघून म्हणाला, "वड्या केल्या."

परत जाताना पेणवाला नाक्यावर एसटीची वाट बघत उभा होता. सरांनी मला टेम्पो थांबवायला लावला आणि त्याला चहा पाजला. तो चहा पिता पिता सरांना शिव्या देत होता. शेवटी विचारलं, "तू आधी आईकडंच का जातोस रे?" सर म्हणाले, "बाप हो म्हणतो आणि विसरतो. आई हो म्हणाली की भाकरी बांधून देते." त्या दिवसापासून पेणवालापण दारात गेला की "आई कुठंय" विचारायला लागला. सरांना ते कळलं तेव्हा ते आठवडाभर चिडून होते.

सुरेखाच्या जोरावर त्या लहानशा कॉलेजने मुंबईची मोठमोठी कॉलेजं हरवली. त्यांच्या पोरींना बूट, ट्रॅकसूट. आमच्या पोरी टेम्पोत ताडपत्री अंथरून बसायच्या आणि हिने दिलेली तांदळाची भाकरी नि सुकट खायच्या. जिंकून आल्या की ही दारात उभी. "आधी हातपाय धू गो, मग सांग कोणाला पाडलंस ते."

पोरी तयार झाल्या की मुंबईवाले घेऊन जायचे. कोणी पोलिसात, कोणी रेल्वेत. सुरेखापण गेली. सरांनी एकीलाही अडवलं नाही. उलट बॅग उचलून स्टँडवर जायचे. मी एकदा रागाने म्हटलं, "पिकवायचं आपण आणि खायचं त्यांनी?" म्हणाले, "नोकरी लागली तिला. आपण अजून काय देणार होतो?"

आणि सरांना स्वतःला काय मिळालं होतं? नोकरी तात्पुरती. दर जूनला नवीन नेमणूक, एप्रिलला घरी. केस पांढरे व्हायला लागले तरी तेच. घरात बायको, दोन मुलं, म्हातारी आई. आईला आम्ही सगळे काकी म्हणायचो.

मग तो फोन आला. मुंबईचं मोठं कॉलेज. कायमची नोकरी, राहायला खोली, छपराखाली मॅटचं मैदान. सरांनी आठ-पंधरा दिवस तोंडातून शब्द काढला नाही. मग एका दुपारी आमच्या पडवीत येऊन सांगितलं. सांगताना आमच्याकडे न बघता माडाकडे बघत होते.

हिने विचारलं, "काकीला विचारलं का कोणी?"

"मुंबईवाले फोन करतात, वहिनी. दारात येत नाय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"विचार करून सांगतो म्हणालो. बायको म्हणते जावा, पोरांचं शिक्षण होईल. खरंच हाय तिचं. पण टीमचं काय? पंधरा पोरी हायत. त्यांच्या आयांना मी शब्द दिलाय."

बातमी पेणला पोचायला वेळ लागला नाही. रविवारी पेणवाला मोटारसायकलवरून आमच्या दारात. घामाघूम. "वहिनी, एक नारळ द्या."

ही म्हणाली, "पेणला नारळ संपले?"

"पेणचे काकी ओळखणार नाय. तुमचा ओळखते."

हिने बराच वेळ लावला. तीन-चार बाजूला ठेवले, मग एक दिला. आम्ही दोघंपण त्याच्या मागे गेलो. सर घरातच होते. त्यांना बघून पेणवाल्याने नुसती मान हलवली आणि विचारलं, "आधी आई कुठंय?"

काकी बाहेर आली. पेणवाल्याने नारळ तिच्यापुढे ठेवला. "काकी, तुमचा मुलगा मला पायजे."

"तुझ्या टीमला?"

"नाय. रोह्याच्या टीमला."

मग पेणवाला म्हणाला, "तो गेला तर मी हरवू कोणाला?"

काकीने विचारलं, "आजवर कितीदा हरवलंस?"

"तेच तर. ते राहिलंच हाय."

मला हसू आलं. हिने मला कोपर मारलं. पेणवाल्याच्या डोळ्यात पाणी होतं, ते मी नंतर बघितलं.

काकीने नारळ उचलला, देवापाशी नेला. आम्हाला वाटलं आता फुटणार. तिने तो खाली ठेवला आणि सरांना हाक मारली. "इथं ये. बस माझ्यापुढं. लोकांच्या पोरी मागताना माझ्यासारख्या किती आयांना समजावलंस! मुंबईवाल्यांचं माणूस नाय आलं. मग तूच बोल त्यांच्या बाजूने. समजाव मला."

सर बसले. घरोघरी एवढं बोलणारा माणूस. एवढंच म्हणाले, "आये, कायमची नोकरी हाय."

"ते कळलं. पुढं? पोरी मागताना पुढं काय म्हणतोस?"

पुढचं आम्हाला सगळ्यांनाच पाठ होतं. टेम्पो तुमच्या दारात आणून सोडील.

"तुला कोण आणून सोडणार?" काकीने विचारलं.

"मी," म्हटलं. माझ्या तोंडून निघून गेलं. "मी आणून सोडीन, काकी."

काकीने माझ्याकडे बघितलं. मग सरांना म्हणाली, "जा मग." नारळ मात्र फोडला नाही. पेणवाल्याला म्हणाली, "तुझा नारळ परत देत नाय. राहू दे देवापाशी. नाय म्हटलं असं समजू नको."

सर जूनमध्ये गेले. लोक सांगतात मुंबईत ते सुकले. खोटं आहे. जाडे झाले. टीम जिंकली, मुलं शिकली. आधी दर शनिवारी यायचे, मग सणासुदीला. आमच्या पडवीत बसून हिला सांगायचे, "तिथं आया दिसतच नाय, वहिनी. पोरी फॉर्म भरून येतात." तेवढंच. तक्रार अशी नाही. इकडे कॉलेजची टीम दोन-तीन वर्षांत मोडली. पेणवाल्याने आमच्याकडच्या पोरी घेतल्या, पुष्कळ मॅचा जिंकला. पण मोठमोठ्याने शिव्या देताना तो मला पुन्हा दिसला नाही.

काकीच्या देवापाशी तो नारळ राहिला तो राहिलाच. एक दिवस शेंडीतून कोंब आला. काकीने हिला बोलावून दाखवला. "आता फोडायचा नसतो गो." दोघींनी मिळून तो घराच्या मागे लावला. आता तो माड कौलांच्या वर गेला आहे. काकी गेली, घराला कुलूप लागलं.

मागच्या वर्षी ही गेली. दहाव्याला सर आले होते. हातात तीच जुनी पिशवी. माझ्या पडवीत बसले. निघताना ढिगाकडे बघून म्हणाले, "आता नारळ कोण निवडणार रे?" मी म्हटलं, "कोणाला पायजेत आता."

यंदा सरांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेले. तिकडेच सगळं उरकलं होतं, अस्थी आमच्या कुंडलिका नदीत सोडायच्या होत्या. मुलगा म्हणाला, "काका, आम्ही गाडी करून येतो." मी म्हटलं, "गाडी नको. मी येतो न्यायला." जाताना पेणला थांबलो. पेणवाला रस्त्यावर उभाच होता. आता काठी टेकतो. काही न विचारता बाजूला चढून बसला. परत येताना मुलगा मागे बसला आणि सर पेणवाल्याच्या मांडीवर. वडखळच्या पुढे खड्डा आला तेव्हा ओरडला, "हळू रे! ह्याला पाडायचा अजून राहिलाय मला."

टेम्पो आधी नदीवर नेला नाही. अष्टमीला काकीच्या बंद दारासमोर उभा केला. इंजिन बंद केलं. कुलपाकडे बघून म्हटलं, "काकी, आणून सोडला."

नदीत सोडायला नारळ हवा होता. घराच्या मागे त्या माडाखाली पाच-सहा पडलेले होते. मुलाने ते सोलून दिले. पेणवाल्याने एक कानाशी धरून हलवला, टिचकी मारली आणि मला दिला. मी हलवला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. पुन्हा पहिला घेतला. मुलगा हात पुसत आमच्याकडे बघत उभा होता.

"कुठला रे?" पेणवाल्याने विचारलं.

मला काही ऐकू येईना. मुका कुठला, बोलका कुठला, ते तिलाच कळायचं.

आम्ही सगळेच घेतले.