गादीखालचा फोटो

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीबाहेरच्या कॅरव्हॅन साइटवर, म्हणजे चाकांवरच्या भाड्याच्या घरांच्या वस्तीत, मी भिंतींवरच्या बुरशीचे फोटो काढायला गेले होते. तिथे एकट्या राहणाऱ्या काकूंच्या भिंती हिवाळाभर ओल्या होत्या, खोकला थांबत नव्हता आणि साइटचा मालक विचारत होता, "ओल? कुठंय ओल?" फोटो दिले तरच कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, त्याच्या मागे लागणार होती.

चूक माझीच. आदल्या दिवशी मी फोन करून सांगितलं, "काकू, उद्या तुमच्या घराचे फोटो काढायला येते."

दार उघडताच ब्लीचचा भपकारा आला. काकूंनी सकाळपासून भिंती घासल्या होत्या. उरलेल्या डागांवर नवी चादर टांगलेली, अंगावर ठेवणीतली साडी, टेबलावर गरम पोहे.

"अहो काकू, बुरशी कुठे गेली?"

"अगं, फोटोत काय घाण दाखवायची? लोक म्हणतील, बाईला घर ठेवता येत नाही."

तेवढ्यात मालक खिडकीत डोकावून हसला. "वा, चकाचक!"

मला त्याची किळस आली. असल्या खोक्याचं भाडं घेताना याला लाज वाटत नाही. लाज वाटते कुणाला, तर आत खोकत पडलेल्या बाईला!

मी सरळ गादी उचलली. खाली सगळं काळंकुट्ट. काकूंनी माझा हात धरला. "ते नको गं."

"काकू, ही घाण त्याची आहे."

त्या खोकत खिडकीपाशी गेल्या आणि मालकाच्या तोंडावर पडदा ओढला.

"काढ," म्हणाल्या. "पण मला त्यात घेऊ नकोस."