बंबात जाळलेली फ्लॉपी

दसऱ्याला विळा-कुदळ पुजताना कुंकू पात्याला लावतात, मुठीला नाही. याच हिशोबाने एका वर्षी मी आमच्या ह्यांच्या फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवली आणि आतल्या काळ्या चकतीला ओलं हळदकुंकू लावलं... वर नमस्कारही केला. बी.ए. झालेली बाई मी, भुताखेतांच्या गोष्टींना हसणारी. हे असते तर आजही लिहिलं नसतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही पिंपळवंडीत, हे शाळेत मास्तर. ह्यांनी पुण्याहून मांडीवर मावणारा एक जुना कॉम्प्युटर आणला होता. मराठीचा प्रोग्रॅम एका फ्लॉपीवर, लिहिलेलं बाकीच्या फ्लॉप्यांवर. प्रोग्रॅम नसेल तर मजकुराच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं. आणि मजकूर म्हणजे मढ गावाकडच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेली रानातली औषधं. सांगणाऱ्या बऱ्याचजणी तोवर गेल्या होत्या.

त्याच दसऱ्याच्या संध्याकाळी मुश्ताकभाई सोनं द्यायला आले. जुन्नरच्या बाजारात त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. "मास्तर, कॉपी काढून ठेवा. चकतीला नुसतं बोट लागलं तरी फ्लॉपी गेली समजा." हे म्हणाले, "काढू की." म्हणजे कॉपी काढताना माझं कुंकू उघडं पडणार.

सकाळी पाणी तापवताना प्रोग्रॅमची ती फ्लॉपी बंबात टाकली. लेबल वळलं, प्लास्टिक वितळलं — डोळ्यांनी पाहिलं. राखही मीच उकिरड्यावर टाकली.

ह्यांनी घर पालथं घातलं. मग म्हणाले, "सोनं द्यायला आला आणि माझं सोनं घेऊन गेला." मी उपसलेलं घर आवरायला घेतलं. एवढं शिकून अक्कल काय ती तेवढीच.

आळ आला तरी मुश्ताकभाई तो प्रोग्रॅम शोधत राहिले. पुण्याचा जुना बाजार, भंगारवाले, ओळखीचे मेकॅनिक... तसली मशिनं दिसत, तो प्रोग्रॅम कुणाकडे नसे.

उन्हाळ्यात त्यांचा निरोप आला, कॉम्प्युटर आणि फ्लॉप्या घेऊन या म्हणून. गेलो. सकाळी दुकानाच्या शटरला कुणीतरी जुन्या फ्लॉप्यांची पिशवी अडकवून गेलं होतं. ह्यांनी त्यातली एक उचलली. लेबलवर ह्यांचंच अक्षर.

"चोराच्याच घरी सापडली म्हणायची."

"चोरली असती तर तुमाला बोलावलं असतं का, मास्तर?"

फ्लॉपी घातली. जरा घरघर झाली आणि पडद्यावर मराठी उमटली. हे बोट ठेवून एकेक झाडाचं नाव वाचायला लागले. मग दोघं कॉप्या काढायला बसले, आळ-बिळ विसरून.

दोघं चहा सांगायला बाहेर गेले तशी मी झडप सरकवली. चकतीवर वाळलेलं कुंकू. माझ्याच बोटाचा ठसा.

मी जाळली ती दुसरीच होती? पण ह्यांच्या बाकीच्या फ्लॉप्या जिथल्या तिथे होत्या. मुश्ताकभाईंनी बनवून आणली? अक्षर जमेलही, पण कुंकवाचं कुणालाच ठाऊक नव्हतं. बरं, कुंकू लागलेली फ्लॉपी चालली कशी? सगळ्यांवर संशय घेऊन झाला, अगदी स्वतःवरसुद्धा. आजवर पत्ता लागलेला नाही.

पुढे एकदा मुश्ताकभाईंना दुकानात एकटं गाठलं आणि बंबापासून सगळं सांगितलं. त्यांनी हातातला रेडिओ बाजूला ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, मास्तरला सांगू नका. आन् पिशवी कुनी लावली तेबी हुडकू नका. ज्यानं दिलं तो घावला, तर परत मागंल."