बुरुजाखालचे तीन सुरुंगवाले

आमच्या जेवणाच्या टेबलावर रविवारी लढाई होते हे मी बरेच दिवस कुणाला सांगत नव्हतो. म्हातारा बाहुल्या खेळतो म्हणून कट्ट्यावरचे हसले असते. आता हसू देत.

फौज माझ्या सुनेची. कामोठ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून ती कंपनीचं काम करते. काम संपलं की बाल्कनीत बसते आणि बारीक ब्रशने बोटाच्या पेराएवढ्या सैनिकांना रंग देते. त्यात हाडांचे सांगाडे असतात, शिंगवाले असतात, गुडघ्यापर्यंत दाढी आलेले बुटके असतात. मी कधी लक्ष दिलं नव्हतं. एकदा चहाचा कप ठेवायला गेलो तर एका बुटक्याच्या पाठीवर पिंप दिसलं. ओझं दिसलं की मी थांबतोच. कांदा-बटाटा मार्केटात माथाडीत माझा जन्म गेला. मी म्हटलं, "ह्याचं पिंप खाली घसरलंय. असं वाहील तर कंबर जाईल त्याची."

ती म्हणाली, पिंपात दारू आहे, सुरुंगाची.

"मग हा लढतो कसा? हातात तर काय न्हाई."

"तो लढत नाही आबा. तो फक्त भिंत पाडतो."

लढाईत आलेला आणि लढत नाही, हे काय माझ्या डोक्यात बसेना. दोन दिवस मी तेच विचारत राहिलो, तेव्हा तिने मला खेळायलाच बसवलं.

नियमांचं पुस्तक इंग्रजी. माझी शाळा दुसरीपर्यंत. ती वाचून सांगायची, मी लक्षात ठेवायचो, आणि एकदा बसलं की माझ्या डोक्यातून काही पडत नाही. खेळ असा: टेबलाच्या मधोमध बुटाच्या खोक्याचा बुरूज, दगडाचा रंग दिलेला. आत तिचे सांगाडे, त्यातले काही तिरंदाज; बाहेर माझे बुटके, बहुतेक कुऱ्हाडवाले. सुताराच्या टेपने इंच मोजून माणसं सरकवायची, फासे टाकून मारामारी करायची. सहा पाळ्यांचा डाव. सहावी पाळी संपताना बुरुजात ज्याची माणसं, तो जिंकला. कुऱ्हाडीने बुरुजाची भिंत पडत नाही. ती पाडायची तर सुरुंगवालेच लागतात, आणि माझ्याकडे ते तीन. दोन्ही फौजांचं मोल सारखं धरतात, आणि त्या तिघांच्या मोलात कुऱ्हाडवाल्यांची आख्खी रांग आली असती. मला तर ते बघूनच राग आला होता.

आमच्या टोळीत एक रीत होती. गाडी लागली की सगळ्यांनी उठायचं. मुकादम असो की काल आलेला गडी, गोणी सगळ्यांच्या पाठीवर, आणि संध्याकाळी वाटणी सगळ्यांना सारखी. सावलीत बसून राहिलेल्याला टोळीत जागा नव्हती. ती रीत माझ्या अंगात मुरलेली. तेव्हा एवढे महागडे तीन गडी मी मागे बसवून ठेवीन कसा? मी त्यांना सगळ्यांच्या पुढे उभं केलं.

दुसऱ्या पाळीला तिच्या तिरंदाजांनी तिघांनाही आडवं केलं. पुढच्या चार पाळ्या माझे कुऱ्हाडवाले भिंतीला डोकं लावून उभे राहिले आणि वरून बाण खात राहिले.

पुढच्या रविवारी मी पुन्हा त्यांना पुढेच ठेवलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. सून गालात हसायची आणि तिघांना उचलून डबीत ठेवायची. शेवटी मुलगा म्हणाला, आबा, त्यांना थोडं मागं ठेवा की. मी म्हटलं, तुला काय कळतंय, तू आयता पगार खाणारा. पण मनात खटकायला लागलं होतं.

एवढ्यात आमच्या गावची जत्रा आली. गाव साताऱ्याकडं. मी दर साली एकटा जातो, कळंबोलीला एसटी धरतो, कुणाची सोबत लागत नाही. मागच्या साली स्टँडवर जरा चक्कर आली होती. ती उन्हाची होती. पण घरात ठराव झाला की आबांनी एकट्याने जायचं नाही. दोन दिवस मी घुश्शातच होतो. तिसऱ्या दिवशी सुनेने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, या रविवारी डाव लावू. तुम्ही जिंकलात तर एकटे जा, कुणी अडवणार नाही. मी जिंकले तर मी तुमच्याबरोबर येणार, बॅग मी धरणार, आणि वाटेत तक्रार करायची नाही.

मुलगा म्हणाला, मला यात घेऊ नका. मी तिला म्हटलं, "कबूल. मागनं रडायचं न्हाई."

आता गंमत राहिली नव्हती. एकटं जाणं म्हणजे मी अजून मी आहे, एवढंच होतं माझ्याकडे. तेव्हा मी दुपारी सगळे कामात असताना टेबलावर एकटा बसायला लागलो. टेप लावून बघितलं. सुरुंगवाले किती चालतात, बाण कुठवर येतो, आड काय आहे. ती उशीला खोळ घालून टेकडी करायची. त्या टेकडीमागे बाण येतच नाही. म्हणजे तिघांना तिथे बसवलं तर ते जगतात. बसून राहणं हेच त्यांचं तेवढ्या वेळचं काम. हे पटायला मला किती जड गेलं ते मलाच ठाऊक. एकदा तर त्यांना टेकडीमागे ठेवून मी पाणी प्यायला गेलो, आणि येऊन न कळत पुन्हा पुढे सरकवून बसलो.

रविवारी तिघांना टेकडीमागे ठेवलं तेव्हा सुनेने माझ्याकडे बघितलं. तिला अपेक्षा नव्हती. पहिल्या दोन पाळ्या मी कुऱ्हाडवाले डावीकडून नेले. तिने तिरंदाज बुरुजातून खाली उतरवून त्यांच्यावर वळवले. माझी माणसं पडत होती पण तिघे शाबूत होते. तिसऱ्या पाळीला कुऱ्हाडवाल्यांनी निम्मे तिरंदाज पाडले, आणि टेकडीपासून भिंतीपर्यंतची वाट निम्मी मोकळी झाली. मी थांबलो. चौथ्याला जवळजवळ आख्खी मोकळी झाली. मुलगा खुर्चीवरून उठून म्हणाला, "आबा, आत्ता."

"तू गप. अजून बाण हायेत तिकडं."

इतक्या रविवारांनी मी त्यांना जपायला शिकलो होतो, आणि हात काही सुटेना. एक तिरंदाज उरलेला, त्याचीच मला धास्ती. पाचव्या पाळीला तोही पडला, तेव्हा मी तिघांना टेकडीमागून काढून भिंतीला लावलं. सहाव्या पाळीला फासा टाकला आणि भिंत पडली. सुनेने खोक्याची एक बाजू काढून घेतली. आतले सांगाडे उघडे दिसले, आणि समोर माझे कुऱ्हाडवाले, वीतभर अंतरावर. मी आनंदाने ओरडायचाच बाकी होतो.

"आता ह्यांना आत नेतो," मी म्हटलं.

"आत जायला पुढची पाळी लागते आबा. डाव संपला."

आजवर भिंत कधी पडलीच नव्हती, म्हणून हा नियम निघालाच नव्हता. "मग एक पाळी वाढव."

"नाही."

मी तिच्याशी भांडलो. भिंत पाडून आत न जाणारी फौज मी जन्मात बघितली नाही म्हटलं. नियम लिहिणाऱ्याला एक दिवस मार्केटात उभा करा म्हटलं. ती ऐकून घेत होती, पण एक पाळी काही तिने दिली नाही. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. लाड म्हणून सोडली असती तर मी पुन्हा टेबलाला हात लावला नसता.

ती जत्रेला आली. बॅग तिनेच धरली. गावात चुलतभावाने विचारलं, आज सूनबाई बरोबर कशी? मी म्हटलं, तिला जत्रा बघायची होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान हलवली.

परतीच्या एसटीत ती म्हणाली, "आबा, पुढच्या साली पण मलाच बघायची असेल का जत्रा?"

"बघू," मी म्हटलं.

 माझ्या मनात दुसरंच घोळत होतं. निघायच्या आदल्या दिवशी तिने पंखवाली चार माणसं रंगवायला काढली होती. त्यांच्या पायात नुसती दोरी, हत्यार नाही.

"ते उडणारे," मी विचारलं, "ते कशाला असतात?"

तिने पायाशी ठेवलेली बॅग मांडीवर घेतली, माझ्याकडे वळून बसली आणि सांगायला लागली.