शेवंती परबची खुन्नस

मालाड पूर्वेला आरेच्या झाडीला टेकून जी वस्ती टेकडीवर चढत गेली आहे, तिथे शेवंती परबला सगळे ‘बैलवाली वहिनी’ म्हणतात. सिरियलवाल्यांना खेडेगावाचा देखावा उभा करायचा असो, की कुणा हौशी नवरदेवाला बैलगाडीतून मांडवात उतरायचं असो, फोन तिलाच येतो. म्हशींच्या तबेल्यामागे तिची पत्र्याची शेड आहे आणि तिथे तिचे बैल बांधलेले असतात. बाई अंगाने काटक, बोलायला तुटक. हसताना तिला फार कुणी बघितलेलं नाही.

हा धंदा मुळात तिच्या नवऱ्याचा, लहूचा. लहूचे वडील कुडाळकडून गिरणीत आले. गिरणी बंद पडली आणि लहूने मिळेल ते काम केलं. पण गुरांचं वेड त्याच्या रक्तातच होतं. लहानपणी तो गावीच होता, कोकणातली बुटकी, कपिला जातीची गुरं हाकत मोठा झालेला. पुढे प्रीतम नावाच्या शेजाऱ्याशी त्याने भागीदारी केली आणि दोघे शूटिंगला बैल पुरवू लागले. प्रीतम गोडबोल्या, गिऱ्हाईक आणणारा. लहू बैल सांभाळणारा. लहूच्या गळ्यात तुळशीची माळ होती. दारू तर सोडाच, तो कांदालसूणही खात नसे.

लहूचं दुखणं ओढवलं मढला, एका बंगल्यामागे उभारलेल्या सेटवर. बैल होता पाखऱ्या. पांढराशुभ्र खिलार, शिंगं धनुष्यासारखी मागे गेलेली. बैलाने उधळत यावं असं सगळ्यांना हवं होतं आणि बैल जागचा हलत नव्हता. लहू पुढून वेसण धरून म्हणाला, “थांबा जरा. जागा नवी आसा, वास घेऊंदे तेका.” थांबायची प्रीतमची तयारी नव्हती. तो मागून गेला आणि त्याने पाखऱ्याची शेपूट अशी पिरगळली की बैल डोळे फिरवून सरळ पुढे सुटला. पुढे लहू, त्याच्या मागे भिंत. खुब्याचं हाड मोडलं ते कधी नीट सांधलं नाही.

लहू इस्पितळात पडलेला असतानाच प्रीतमने गावभर करून टाकलं, “लहू प्यायला होता. प्यायलेल्या माणसाने खिलाराला हात लावायचा असतो का?” पाखऱ्याला वेडा ठरवून त्याने घाटावरच्या व्यापाऱ्याला विकूनही टाकलं. शूटिंगला माणसं-जनावरं जमवून देणारा धम्मपाल भला माणूस होता, पण त्यालाही ते पटलं. लहूचा फोन वाजायचा थांबला.

शेवंती नवऱ्याला म्हणे, “अहो, सांगा ना लोकांना खरं काय ते.”

“सांगान कोण ऐकतलो?” एवढंच तो म्हणे आणि भिंतीकडे तोंड करी.

शेपूट पिरगळल्याचं लहूने इस्पितळात एकदाच तिला सांगितलं, पुन्हा त्या दिवसाबद्दल तो कधी बोलला नाही. बैलांबद्दल मात्र बोलत राही. अंथरुणावर पडल्या पडल्या एकेका जातीचा स्वभाव तो सोयरीक जुळवायला बसल्यासारखा सांगे. गीर म्हणजे मोठ्या घरचा थोरला मुलगा. कपाळ पुढे आलेलं, कान लोंबते, अंगाने हत्ती, पण पोरं पोटाखालून गेली तरी पाय उचलणार नाही. फक्त घाई करायची नाही, रुसला की बसून राहतो. डांगी पावसातला गडी. काळापांढरा ठिपक्यांचा, कातडी तेल लावल्यासारखी. भोंगे वाजू देत, दिवे लागू देत, त्याला सोयरसुतक नाही. देवणी आणि लाल कंधारी गरीब, कुणीही धरावी. मिरवायला मात्र खिलारासारखा दुसरा नाही. तो मैदानात उतरला की बाकीची जनावरं मातीची वाटतात. पण खिलार सगळ्यांचा नसतो. ज्याने दाणा घातला, ज्याने पाठीवर हात फिरवला, तो त्याचा धनी. बाकी सगळे परके. परक्याने वेसण ओढली की तो हिशेब लगेच करतो.

शेवंती तांदूळ निवडत हे ऐके. ऐकता ऐकता तिच्या मनात दुसरंच काही शिजत होतं, हे लहूला कळलं नाही. काही वर्षं अशी काढून तो गेला. दिवसकार्याला प्रीतम आला, डोळे पुसून गेला. शेवंतीने त्याला पाणी दिलं. पेला त्याच्या हातात देताना तिने मनाशी ठरवलं होतं, ह्याला मी असा सोडणार नाही.

प्रीतमने भागीदारी मोडताना म्हातारा म्हणून मागे ठेवलेला एक डांगी तिच्याकडे उरला होता, ढग्या. त्याला घेऊन तिने सुरुवात केली. बाईमाणूस बैल धरते म्हणून सेटवर लोक हसले. पण ढग्या बारा दिव्यांच्या उजेडात शांतपणे रवंथ करत उभा राही आणि काम वेळेत उरके. धम्मपाल तिला बोलवू लागला. मग तिने गीर घेतला, देवणीची जोडी घेतली. प्रीतमची गिऱ्हाइकं हळूहळू तिच्याकडे वळली. मुलगी श्रुतिका म्हणे, “आई, झालं ना आता? त्याचा धंदा निम्मा बसला.”

“निम्मा,” शेवंती म्हणे. तिच्या तोंडात तो शब्द कडू लागे.

मग बोरिवलीच्या एका मंडळाने पशुप्रदर्शन ठरवलं. मैदानात रिंगण, बैल फिरवून दाखवायचे, हाताळणीला वेगळं बक्षीस. शूटिंगवाले, वरातवाले, सगळे बघायला येणार. जो तिथे चमकेल त्याच्या दारात वर्षभर कामाची रांग. प्रीतमने त्यासाठी सांगोल्याकडून तरणाबांड खिलार आणला होता, राजबिंडा. त्याची सगळी उस्तवार कृणाल नावाचा गडी करी. चारा तो घाली, खरारा तो करी. बैल त्याच्या खांद्यावर मान टाकून उभा राही.

शेवंतीने कृणालला बोलावून घेतलं. “माझ्याकडे येतोस? शेडमागची खोली देते, बायकोला आण गावाहून.” प्रीतमकडे तो गोठ्यातच झोपत असे. तो त्याच आठवड्यात आला.

प्रदर्शन तोंडावर आलं तसा प्रीतम स्वतः शेडवर हजर झाला. कृणालवरून भांडेल असं तिला वाटलं होतं. पण तो अडला होता. “वहिनी, गडी नेलास, जाऊ दे. एक सांग. गीर पण आहे माझ्याकडे. रिंगणात कोण उतरवू? लहू असता तर त्याला विचारलं असतं.”

लहूचं नाव त्याने इतक्या सहज घेतलं की शेवंतीचा हात खराऱ्यावर आवळला. गीर म्हणाली असती तर तो माणूस वाचला असता.

“खिलार, भाऊजी,” ती म्हणाली. “लोक खिलारच बघायला येतात.”

“ऐकेल ना माझं?”

“मालक तुम्ही. तुमचं नाही तर कुणाचं ऐकणार?”

प्रीतम खूश होऊन गेला. शेवंतीने देवणीच्या पाठीवर पुन्हा खरारा चालवला. तिला ना भीती वाटली ना वाईट.

प्रदर्शनाच्या दिवशी मैदान भरलं होतं. शेवंती ढग्या आणि गीर फिरवून बाहेर आली, टाळ्या पडल्या. मग प्रीतम उतरला. फेटा, नवा झब्बा, बैलाच्या शिंगांना रेशमी गोंडे. बैल खरोखर देखणा होता, माणसं उठून उभी राहिली. एवढ्यात पाहुणे आले आणि त्यांच्या स्वागताला ढोल-ताशा सुरू झाला. खिलाराचे कान ताठ झाले. त्याने मान वर करून गर्दीत कुणाला तरी शोधलं. कुणाला, हे शेवंतीला माहीत होतं. तो तिच्याच शेजारी कठड्याला धरून उभा होता.

“मालक, ओढू नका, ढिली सोडा!” कृणाल ओरडला. ढोलात ते ऐकू गेलं नाही. लोकांसमोर शोभा होतेय म्हणून प्रीतमने वेसणीला जोरात हिसका दिला. आणखी एक दिला. तिसऱ्याला बैलाने मान फिरवली. प्रीतम हवेत गेला, खाली पडला, आणि बैल गुडघे टेकून त्याच्यावर आला.

कृणाल कठड्यावर चढला तसा शेवंतीने त्याचा दंड धरला.

“मावशी, सोडा!”

ती रिंगणात बघत होती. प्रीतम तोंड उघडून ओरडत होता, हात वर करून तिच्याकडेच बघत होता. बघ, तिला वाटलं. लहूलाही असंच पळायला जागा नव्हती, पाठीला भिंत होती. कृणालने हाताला हिसका दिला तरी तिची बोटं सुटेनात. मग बैलाने पुन्हा मान खाली घातली आणि तिने हात सोडला.

कृणालने नुसती हाक मारली तसा बैल बाजूला झाला, थरथरत त्याच्या छातीशी येऊन उभा राहिला. प्रीतमचा खांदा निखळला होता, बरगड्या मोडल्या होत्या, पण जीव होता. गर्दी आत घुसली. कुणीतरी ओरडलं, “वेडा बैल आहे, बांधा त्याला!” धम्मपाल धापा टाकत आला. “वहिनी, काय झालं गं हे?”

शेवंती खिलारापुढे जाऊन उभी राहिली. तिचं बोलणं आजवर कधी खोटं निघालं नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं.

“बैलाची काही चूक नाही,” ती मोठ्याने म्हणाली. “माणूस प्यायलेला आहे. सकाळी तोंडाला वास येत होता.”

खाली पडलेल्या प्रीतमने मान हलवायचा प्रयत्न केला. आवाज फुटला नाही. पण तिच्याकडे बघता बघता त्याच्या डोळ्यांत काहीतरी उमगलं, आणि तेवढ्यासाठी शेवंतीने इतकी वर्षं काढली होती.

मैदानावरून ही बातमी तिच्या आधी मालाडला पोचली. प्रीतमला काम मिळेना. खांदा वर जाईना. खिलार त्याने कृणालच्याच हाती दिला, “घेऊन जा, नको मला तो” म्हणून.

कृणाल बैल बांधताना खालमानेने म्हणाला, “मावशी, ते प्यायले नव्हते.”

“माहीत आहे मला.”

 तो काम सोडून गेला नाही. पण त्यानंतर तिच्या हातचा चहा त्याने घेतला नाही, बायकोने केलेलाच घेई.

श्रुतिकाला मात्र गप्प बसवेना. “आई, मेला असता तो! आणि वर खोटं? बाबांना चाललं असतं का हे?”

“नसतं चाललं,” शेवंती म्हणाली. “ते चांगले होते. म्हणून तर भिंतीकडे तोंड करून गेले.”

पावसाळा सरल्यावर प्रीतमची बायको जया शेडवर आली. साडीचा पदर बोटाला गुंडाळत दारातच उभी राहिली. “वहिनी, घरात बसून वेडे होतील ते. नुसते बसू देत गोठ्यात, गुरं बघत. आणि लोकांना एकदा सांग ना... तू सांगितलंस तर ऐकतील.”

शेवंतीने तिला बसायला पाट दिला, पोहे दिले. जयाने तिचं काही वाकडं केलं नव्हतं. ती खाऊन होईपर्यंत शेवंती समोर बसून राहिली. क्षणभर तिला वाटलंही की सांगून टाकावं, एका वाक्याचं तर काम. ते वाक्य तोंडापर्यंत आलं आणि तिथेच थिजलं.

“नाही जमणार, जया,” ती म्हणाली.

जया उठली, ताटली धुऊन ठेवली आणि टेकडी उतरून गेली. शेवंती पायवाटेकडे बघत उभी होती. मग टेम्पो आल्याचा भोंगा वाजला. सकाळच्या कामाला गीर न्यायचा होता, तो बसून होता. ती त्याचा कासरा सोडून त्याच्याशेजारी उभी राहिली, तो उठेपर्यंत वाट बघत.